न दचकणारी छकुली

टेकडीतून गाड्यांच्या बॅटऱ्यांसाठी लागणारा दगड निघू लागला, तेव्हापासून गल्लीतल्या बायकांना एक नवं काम लागलं. दुपारी खाणीचा भोंगा वाजला की फळीवरची भांडी खाली उतरवायची, सुरुंग उडून गेला की परत वर चढवायची. टेकडी अर्धी गेलीच होती, निदान कपबशा तरी वाचाव्यात.

या धावपळीत डंपरवाल्याची सव्वा वर्षाची छकुली ढाराढूर झोपायची. "पोरगी आहे की कातळ!" शेजारीण कौतुकाने म्हणायची. आईला ते ऐकून बरं वाटायचं. रडं नाही, कटकट नाही. अजून बोलत नव्हती, पण बोलेल की, घाई कसली?

त्या दिवशी नणंद नवीकोरी विजेवरची गाडी घेऊन आली. "वहिनी, आवाज म्हणून नाही हिला! तुमच्याच टेकडीचा दगड असेल आत," असं म्हणत ती गाडी मागे घेऊ लागली, तर अंगणात छकुली पाठमोरी बसलेली. नणंदेने करकचून ब्रेक दाबला आणि घाबरून हॉर्नवरचा हात काढलाच नाही. गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. छकुली मातीत बोटाने रेघा ओढत होती.

"बघा, ढिम्म हलली नाही! सुरुंगाची सवय," धावत आलेली शेजारीण हसली.

आई तशीच घरात धावली. तिने पातेलं आणि पळी आणली आणि लेकीच्या पाठीमागे उभं राहून जीव खाऊन बडवलं. पत्र्यावरचे पक्षी उडाले. छकुलीने मान वळवली नाही.

"अगं, सवय आहे तिला," कामावरून आलेला नवरा फाटकातून म्हणाला.

"सवय आपल्याला झालीय. तरी आपण दचकतोच ना? ही एकदाही दचकली नाही. कधीच नाही!"

हे सुरुंगाने झालं की जन्मापासूनचं, हे कुणी बोलून दाखवलं नाही. घर त्याच खाणीवर चालत होतं.

नवरा लगबगीने लेकीसमोर जाऊन बसला. बापाला बघताच तिने हात वर केले.

"समोरून नको," बायको म्हणाली. "मागून हाक मार."

तो मागे जाऊन उभा राहिला. इंजिनाच्या घरघरीवर ओरडून बोलायची सवय असलेला माणूस, त्याची हाक गल्लीच्या टोकाला ऐकू जायची. त्याने तोंड उघडलं. तिघी बायका छकुलीच्या इवल्याशा मानेकडे बघत राहिल्या.

"मार ना."

त्याने तोंड मिटलं.

"जरा थांबू," तो पुटपुटला. "आत्ता नको."