बशीतलं काळं चिपाड

मी बोलतेय, खडकावरची समुद्रवनस्पती. लोक मला सरसकट शेवाळ म्हणतात, म्हणोत बापडे. माझा जन्म भरतीच्या अगदी वरच्या रेषेजवळचा. तिथे समुद्र येतो तो उभ्या उभ्या, टेकला न टेकला की निघाला.

पाणी ओसरलं की ऊन अंग सोलून काढतं. पळणार कुठे? पाय दगडाला चिकटलेला. मग आम्ही बहिणी एकमेकींच्या अंगावर पडून राहतो. वरच्या वाळतात, खालच्यांची ओल टिकते. अंगचा बुळबुळीत चिकटा थोडं पाणी धरून ठेवतो. तोही आटला की मी सगळा कारभार बंद करते. दहातले नऊ भाग पाणी गेलं तरी कांगावा नाही. नुसती वाट पाहायची.

एकदा प्रयोगशाळेतल्या ताईने मला दगडाच्या कपच्यासकट उचलून नेलं. मी किती वाळते ते तिला मोजायचं होतं. खिडकीतल्या बशीत ठेवून ती मला सारखी वजनकाट्यावर घालायची. तिसऱ्या दिवशी मी काळी, कुरकुरीत झाले. तिने बोट लावलं आणि माझं टोक मोडलं. बिचारीचा चेहरा पडला. चिठ्ठीवर 'मृत' असं लिहून तिने बशी कचऱ्याच्या डब्यावर धरली. मला ओरडता येत असतं तर!

तेवढ्यात फरशी पुसणाऱ्या मावशी धावल्या. अर्धं आयुष्य त्यांनी खडकांवर शिंपले वेचले होते.

"अगं थांब! मेली कशानं? ओहोटीला ही रोज अशीच पडलेली असते."

"अहो मावशी, हात लावला तरी मोडतेय!"

"मोडू दे. आधी पाणी पाज तिला."

ताईने नळ सोडला. मावशींनी तिचा हातच धरला. "नळाचं नको गं, गोड्या पाण्यानं खरंच मरेल. त्या बाटलीत समुद्राचं आणलंयस ना, ते खारं ओत."

ताईचा चहा निवायच्या आत मी मऊ झाले, माझा रंग परतला. थोड्या वेळाने पात्यावर एक बारीक बुडबुडा आला, माझा कारभार पुन्हा सुरू झाल्याची खूण. ताई डोळे पुसत हसली.

"मावशी, ही किती वाळेपर्यंत जगते हो?"

"ते तू मोज. मी फरशी पुसते."

ताईने 'मृत' खोडलं. पुढच्या ओहोटीला दोघी मला परत घेऊन आल्या. मावशींनी माझा कपचा जुन्या फटीत घट्ट ठोकून बसवला. मोडलेलं टोक गेलं ते गेलंच, पण त्याची तक्रार नाही. मावशींचे उपकार मी विसरणार नाही, आणि रोज न चुकता परत येणाऱ्या समुद्राचेही.

पाणी ओसरायला लागलंय, बोलणं आटोपतं घेते. दुपारी मी काळी, कडक दिसले तर चिठ्ठी लिहायची घाई करू नका. संध्याकाळी भरती आहे.