चिंचेच्या अलीकडे

नियम भाऊरावांनीच केला होता, आणि तेव्हा तो त्यांना फार आवडला होता. सव्विशीतल्या माणसाला आवडतात तसले नियम. जबलपूरच्या मराठी व्यायामशाळेची संक्रांतीची दौड तेव्हा नुकती सुरू झाली होती आणि पोट सुटलेली थोर मंडळी पुढे उभी राहून सगळ्यांची वाट अडवत. भाऊराव सभेत उठले. म्हणाले, या दौडीत कोणी कोणाशी लढायचं नाही, ज्याने त्याने आपल्याच सर्वांत चांगल्या वेळेशी लढायचं. आणि लागोपाठ तीन वर्षं ज्याला ती मोडता येणार नाही, त्याने धावणाऱ्यांची रांग सोडून पाण्याची घागर धरायची. टाळ्या पडल्या, ठराव मंजूर झाला. आपणही एक दिवस चाळिशीला पोचू, हे त्या सभेत फक्त जुने सभासद विष्णुपंत यांच्या लक्षात आलं असावं, कारण टाळ्या न वाजवता बसलेले ते एकटेच होते.

आता सन अडतीस उजाडलं होतं आणि चाळिशी भाऊरावांनाही गाठून पुढे गेली होती. तोफगाड्यांच्या कारखान्यात ते फिटर होते. त्यांची सर्वांत चांगली वेळ अठ्ठावन्न मिनिटं, तीन वर्षांपूर्वीची. त्यानंतरच्या दोन्ही संक्रांतींना ती मोडली नव्हती. गेल्या वर्षी तर तीन मिनिटं जास्त लागली होती. आजची तिसरी खेप. स्वतःच्या पायावर एवढा मोठा धोंडा दुसऱ्या कोणी पाडून घेतला नसेल.

घागर धरण्यात कमीपणा काही नाही, असं सगळे म्हणत. म्हणणारे सगळे धावणारे होते. बाबारावांनी दोन वर्षांपूर्वी घागर धरली. पहिला महिनाभर ते पहाटे येऊन पोरांना दटावत, मग चार दिवसांतून एकदा येऊ लागले, मग संध्याकाळी शाल पांघरून ओट्यावर बसू लागले. आता भेटेल त्याला ते पोट साफ होतं का म्हणून विचारत. त्यांना पाहिलं की भाऊराव दुसऱ्या बाजूने निघून जात. दिवसभर कारखाना, संध्याकाळी घरचा रगाडा. पहाटे सोबत्यांबरोबर रस्त्यावर घाम गाळायचा तो एक तासच काय तो त्यांचा स्वतःचा होता. तो गेला तर आपण संपलो, असं त्यांना खरोखरच वाटत होतं.

व्यायामशाळेच्या मारुतीपासून निघायचं, घमापूर, सतपुला मागे टाकत रांझीच्या रस्त्याला विहिरीजवळच्या चिंचेपर्यंत जायचं. तिथे निशाण रोवून उभा असलेला कार्यकर्ता कपाळाला शेंदूर लावी. ती वळल्याची खूण. मग परत. घड्याळ एकच, बापूसाहेब वकिलांचं, म्हणून एकेकाला सोडत. लहान आधी, थोर शेवटी. भाऊराव सगळ्यांत शेवटी उभे होते. शेजारी शालिग्राम. हा त्यांच्याच खात्यातला तरुण फिटर, व्यायामशाळेतला सर्वांत वेगवान गडी. आज स्वतःची दौड सोडून तो भाऊरावांच्या पुढे धावून त्यांना चाल द्यायला आला होता.

"तू आपली दौड सोडून काहून माझ्यासंग येऊन राहिला?" भाऊराव म्हणाले.

"माझी पुढच्या वर्षी होईल नं, भाऊ. चलो."

पुढचं वर्ष इतक्या सहज बोलता येणाऱ्या माणसाचा भाऊरावांना क्षणभर रागच आला. तेवढ्यात बापूसाहेबांनी हात खाली केला.

धुकं दाट होतं. शालिग्राम दोन पावलं पुढे, आणि त्याच्या टाचांवर नजर ठेवून भाऊराव. घमापुरापर्यंत सगळं ठीक होतं. सतपुल्याच्या पुढे चढ लागला आणि छातीचा भाता झाला. समोरून धुक्यातून एकेक पोरगा कपाळाला शेंदूर लावून परत येई, "शाब्बास भाऊ" म्हणून ओरडे आणि नाहीसा होई. शेवटचा गेला. मग रस्त्यावर दोघांच्या पावलांखेरीज आवाज उरला नाही. एरवी धावतानाही तोंड बंद न ठेवणारा शालिग्राम आज अवाक्षर बोलत नव्हता.

"कसं चाललंय?" भाऊरावांनी विचारलं.

"ठीक आहे भाऊ. बोलू नका. दम जाईल."

ठीक नव्हतं. भाऊरावांना ते गुडघ्यांतून कळत होतं. मांड्या जड झाल्या होत्या आणि अजून चिंच यायची होती. आता गेलं सगळं, त्यांच्या मनात आलं. आणि तेवढ्यात समोर धुक्यात भगवं निशाण दिसलं.

आधी त्यांना आनंद झाला. मग लक्षात आलं की निशाणाशेजारी विहीर नाही. डोक्यावर चिंचही नाही. मोहाचं झाड आहे. चिंच अजून चांगली पुढे होती. हा रस्ता पंधरा वर्षं त्यांच्या पायाखालचा होता, त्यात चूक होणं शक्य नव्हतं. जाऊन-येऊन चार मिनिटं तरी वाचत होती.

निशाणापाशी अच्युत मास्तर होता. भाऊरावांचा व्यायामशाळेतला सर्वांत जुना सोबती; दोघांनी एकाच दिवशी लंगोट बांधला होता. शेवटचा पोरगा वळून गेल्यावर त्याने निशाण उपटून इथे आणलं, हे सांगायला कोणी नको होतं. तो नजर देत नव्हता. शेंदराचं बोट त्याने पुढे केलं.

"अच्युत," भाऊराव धापा टाकत म्हणाले.

"वळा भाऊ. टाइम चाललाय."

शालिग्राम आधीच वळून उभा होता आणि रस्त्याकडे पाहत होता. म्हणजे हाही सामील. भाऊरावांना संताप आला. या दोघांनी आपल्याला भीक घातली असं वाटलं. थांबून दोघांच्या कानाखाली वाजवावी, नाहीतर निशाणाला वळसा घालून सरळ चिंच गाठावी. पण चिंच गाठली की बाबारावांचा ओटाही गाठला, हेही त्यांना लख्ख दिसलं. कपाळाला शेंदूर लागला. पाय वळले. मन मागाहून वळलं.

एकदा वळल्यावर मात्र ते जीव तोडून धावले. चोरी करायची तर ती साधलीच पाहिजे, असं काहीसं त्यांच्या डोक्यात होतं. उतारावर शालिग्रामला त्यांनी गाठलं. बरगडीखाली कळ आली ती मुठीने दाबून धरली. चार मिनिटं हाताशी होती. आता हरायचं म्हटलं तरी हरता येणार नव्हतं. सतपुला गेला. लोक काय म्हणतील, आपण काय म्हणायचं, याची जुळवाजुळवही त्यांनी मनात करून टाकली. फार बोलायचं नाही, मारुतीची कृपा म्हणायचं. मारुतीचं नाव मनात येताच त्यांना शरम वाटली आणि त्या शरमेनेच ते आणखी नेट लावून पळाले.

घमापुराशी पाय उचलेनासे झाले. शालिग्राम मागे वळून वळून पाहत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर आता भीती होती.

"भाऊ, थोडं अजून. हात जोडतो, थोडं अजून."

व्यायामशाळेचं दार दिसलं. दोन्ही बाजूंना सगळी मंडळी उभी होती. कोण काय ओरडतंय ते भाऊरावांना ऐकू येत नव्हतं. त्यांना फक्त बापूसाहेबांच्या हातातलं घड्याळ दिसत होतं. ते मारुतीच्या पायरीवर कोसळले आणि तसेच मान वर करून बापूसाहेबांकडे बघत राहिले.

बापूसाहेबांनी घड्याळ डोळ्यांजवळ नेलं. पुन्हा एकदा नेलं.

"एकोणसाठ," ते हळूच म्हणाले.

शालिग्राम भिंतीला टेकून खाली बसला. बापूसाहेबांना काहीच ठाऊक नव्हतं; ते पुढे झाले आणि भाऊरावांच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला.

"एक मिनिट, भाऊराव. फक्त एक मिनिट. या वयात ही वेळ म्हणजे चेष्टा आहे का? नियम माणसांसाठी असतो. मंडळी, यंदा सूट द्यायची. कोणाची हरकत?"

कोणाचीच नव्हती. पोरं टाळ्या वाजवू लागली. कोणी म्हणालं, पुढच्या वर्षी भाऊ सत्तावन्न करतील. भाऊराव त्या हसऱ्या चेहऱ्यांकडे पाहत होते. ते मिनिट एक नव्हतं. चोरीची चार त्यात धरली तर किती होतात, हा हिशोब तिघांनाच येत होता, आणि खरं बोललं असतं तर अच्युत आणि शालिग्रामची नावं व्यायामशाळेतून निघाली असती. गप्प राहून सूट घेणं तेवढं सोपं होतं. मन हो म्हणायला किती उतावीळ झालं होतं, ते त्यांना चांगलंच कळत होतं.

ते उठले. गुडघे धरून, दोनदा थांबून. कोपऱ्यातली घागर त्यांनी उचलली.

"नियम माझा आहे," ते म्हणाले. "मले सूट नको."

बापूसाहेबांचे डोळे भरून आले. सगळ्यांकडे वळून ते म्हणाले, "पाहून ठेवा, पोरांनो. एका मिनिटासाठी. याला म्हणतात सचोटी." आणि पोरं खरंच डोळे मोठे करून पाहू लागली. भाऊरावांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. खाली मान घालून ते एकेकाला पाणी वाढत गेले.

रांगेच्या टोकाला अच्युत सायकलवरून येऊन उभा राहिला होता. निशाणाची गुंडाळी काखेत होती. त्याने ओंजळ पुढे केली, पण पाण्याकडे त्याचं लक्ष नव्हतं.

"मागच्या वर्षीच्या टाइमवरून हिशोब केला होता, भाऊ," तो अगदी हलक्या आवाजात म्हणाला. "एक मिनिट राखूनच ठेवलं होतं. मले काय माहीत का तुमी इतके..."



"मले तरी कुठं माहीत होतं," भाऊराव म्हणाले, आणि त्यांनी घागर कलती केली.