उसनं नाक

करोनात माझा वास गेला तो परत आलाच नाही. फोडणी जळली तर धूर दिसल्यावर कळतं. नवऱ्याला, सुभाषला, बारमाही सर्दी. म्हणजे घणसोलीतल्या आमच्या भाड्याच्या घरात माणसं दोन आणि नाक एकही नाही. अशा घरात मी कुजक्या वासाचं फूल वाढवत होते.

सुरणाच्या कुळातला हा रानकंद आता कोकणातल्या कातळाच्या सड्यावरही क्वचितच दिसतो. मला तो द्रोणागिरीच्या निशांतने दिला. तो गोदामात नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात कंद जगवतो. पहिल्याच वर्षी जास्त पाणी घालून मी अर्धा कुजवला. उरलेल्याला राख लावली, कोरड्या मातीत ठेवला. मग दर पावसाळ्यात छत्रीसारखं एक पान, आणि एरवी नुसती कुंडी. यंदा मे महिन्यात पानाऐवजी कळी आली, आणि माझं स्वस्थ बसणं संपलं.

फूल उमललं की पहिल्या संध्याकाळी आतली मादीफुलं तयार होतात. दुसऱ्या संध्याकाळी नरफुलांतून पराग सांडतो, पण तोवर मादीफुलांची वेळ गेलेली असते. निशांतच्या झाडाचा पराग कुंकवाच्या डबीत, माझ्या फ्रीजरमध्ये, मटारांशेजारी होता. पहिली संध्याकाळ साधली तर बिया. हुकली तर पुन्हा कितीतरी वर्षं ती नुसती कुंडी. कळीचं आवरण आधीपासूनच सैल असतं, त्यामुळे डोळ्यांना काही कळत नाही. दिवस सांगतो तो वास.

कुंडी जिन्याजवळच्या गॅलरीत होती. खालच्या मजल्यावर घरमालकीण सरस्वतीकाकी. इमारतीच्या जागी पूर्वी त्यांचंच शेत होतं.

"गो बाय, शेवलं आलंय तुजं. उमलायचे आदी काप. काकडं टाकून भाजी करू, खाजायची नाय."

"काकी, हे भाजीचं शेवळं नाही."

"मंग काय पूजेचं हाय?"

दुसऱ्या दिवशी दाराच्या कडीला काकडाच्या आंबट रानफळांची पिशवी अडकवलेली. त्याच्या दुसऱ्या दिवशी काकी कळीच्या देठाला नख लावून कोवळेपण बघत होत्या, मेथीची जुडी बघतात तसं. मी कुंडी उचलून बेडरूममध्ये नेली, खिडक्या लावल्या, दाराला कडी घातली.

मग जरा बसले की उठायची. कळीला हात लावून बघायची, ऊब आहे का; उमलताना ती किंचित कोमट होते म्हणे. सुभाषला वाफ देऊन नाक मोकळं करून कुंडीपाशी उभं करायची.

"काही येतंय?"

"विक्सचा येतोय."

"नीट बघ ना."

"अगं, तू त्याला टेन्शन देतेस. ते कसलं फुलणार?"

शनिवारी दिवे लागायच्या वेळी काकी दारात. नाकाला पदर.

"तुजे घरान काय मेलंय काय?"

मी त्यांना जवळजवळ मिठीच मारली. धावत फ्रीज उघडला, डबी काढली, ब्रश शोधला. काकी मागून बोलतच होत्या.

"आज तरी कमी हाय. काल तर जेवन जाईना."

माझा हात थांबला. "काल?"

"काल दिवे लावले तवापासून."

"काकी, मग काल का नाही सांगितलंत?"

"कसं सांगू? आमी काय भाजी चोरनारी मानसं, दार बंद करून बसलीस. म्हटलं, असंल तिची सुकट."

अख्ख्या इमारतीतलं एकमेव चालू नाक मी कडी लावून बाहेर ठेवलं होतं.

तरी ब्रश फिरवला. मला राहवेना. मग आवरणाच्या तळाशी पिवळी भुकटी दिसली, माझ्याच फुलाचा पराग सांडायला लागला होता. खूण पटली. वेळ गेलेली होती.

निशांतला फोन केला. झालं ते सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, तो पराग जपून काढा. माझ्या दुसऱ्या कंदाला कळी आहे."

काकींनी एका हाताने पदर धरला, दुसऱ्याने एक रिकामी डबी. मी ब्रशने भुकटी डबीत उतरवली.

"त्याच्या घरान नाक हाय ना?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"मंग होईल." जिना उतरताना वळल्या. "पुढचे येली कुंडी माझे दारान ठेव."

"कापणार नाही ना?"

"वास आला तर हाक मारीन," काकी म्हणाल्या. "नाय आला तर बघू."