हल्याच्या अंगात आगीनमाय

त्या शुक्रवारी भैयाजीच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. चिचटोल्याची माणसे तर होतीच, पण पलीकडच्या दोन गावांतलीही भातलावणीचा रोवणा अर्धवट टाकून चिखलाच्या पायांनी येऊन उभी होती. भाताच्या बांध्या पाण्याने भरलेल्या, उपटलेल्या पऱ्ह्यांच्या, म्हणजे रोपांच्या, जुड्या शेताच्या धुऱ्यावर सुकत पडलेल्या, आणि सगळे गाव एका गडव्याकडे टक लावून बसले होते.

गडवा म्हणजे पितळेचा तांब्या. जमिनीत खणलेल्या खळग्यात, राखाडी विभूतीच्या ढिगात गळ्यापर्यंत पुरलेला. आत पाणी आणि मूठभर भिजवलेले तांदूळ. गडव्याच्या गळ्याला ओला लाल दोरा आणि दोऱ्याचे दुसरे टोक पाटावर बसलेल्या भैयाजीच्या बायकोच्या, भागीरथाबाईच्या मनगटाला. खाली लाकूड नाही, विस्तव नाही, काडेपेटीसुद्धा नाही. वाफेबाबांनी मंत्र म्हणत ढिगावर तीर्थ शिंपडले की पाच मिनिटांत गडव्यातून वाफ निघायची आणि आणखी दहा मिनिटांत तांदूळ शिजायचे. तेवढ्या वेळात घामाने निथळणारी, थरथरणारी भागीरथाबाई हळूहळू शांत व्हायची. तिच्या अंगातली आग दोऱ्यातून गडव्यात उतरली, असा त्याचा अर्थ लावला जाई. मग तो भात, सोबत भैयाजीचा कोंबडा, बाबांच्या पोटात उतरायचा. उरलेला भात प्रसाद म्हणून वाटायचा.

मी त्या गावचा मास्तर. चौथीपर्यंतचे विज्ञान शिकवतो. तरी मागच्या शुक्रवारी मीही तो भात हात पुढे करून घेतला आणि खाल्ला. कच्चा होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी फार शहाणपणा करू लागलो तर तुम्हाला मला आवरता येईल.

"ये साधी बाई नाई!" वाफेबाबा ओरडत होते. जिवतीकडच्या डोंगरातून आलेला हा माणूस महिन्याभरात भैयाजीच्या ओसरीवर चांगला गरगरीत झाला होता. "इसके अंग में आगीनमाय का वास हाये! अमेरिकेत अशी देवी हाये का?"

"नाई!" गाव ओरडले.

"रशियात हाये का?"

"नाई!"

"कुठी हाये?"

"चिचटोल्यात!"

अमेरिका आणि रशिया एकाच वेळी हरल्यामुळे लोक खूश झाले. सर्वांत खूश होता भैयाजी. देवीचा नवरा म्हणून त्याला आता ग्रामपंचायतीत खुर्ची मिळत होती.

भागीरथाबाई मात्र खूश नव्हती. सत्तेचाळीस वर्षांची ही बाई रोवण्यात गावात सर्वांत चपळ. उन्हाळा सरता सरता मूलला, तालुक्याच्या गावी, जाणाऱ्या मोटारीत तिला पहिल्यांदा ते झाले. मानेपासून आग निघाली, छाती धडधडू लागली, हात बधिर पडले आणि आपण आता मरतो अशी खात्री पटली. गाडी थांबवून ती जंगलात उतरली आणि चालत घरी आली. मग बांधीत झाले, चुलीपाशी झाले. मग बाबा आले. पाटावर बसवून शंभर माणसे डोळे रोखून पाहू लागली, तेव्हा तर ते दर शुक्रवारी ठरल्या वेळी होऊ लागले.

आजचा शुक्रवार शेवटचा होता. आज तिला देवी म्हणून कायमचे बसवायचे होते. एकदा बसवले की देवीने गावाची शीव ओलांडायची नाही, असा नियम बाबांनी सांगितला होता.

बुधवारी ती शाळेत पत्र लिहून घ्यायला आली होती. तिची लेक रंभा मूलला राहते, तिला महिन्याभरात पहिले बाळंतपण.

"लिवा गुरुजी," ती म्हणाली. "रंभा, तुही माय देवी झाली. बाळंतपनाले येनं होत नाई."

माझा हात थांबला. "भागीरथाबाई, तुमाले जाचं हाये का नाई?"

"जाचं हाये ना. पोरीले सासू नाई, जाऊ नाई. पन मोटारीत बसली का जीव चाल्ला असं वाटते. बाबा म्हंते, देवीच शिव वलांडू देत नाई." तिने पदराने डोळे पुसले. "घरी मेली तर चालते, गुरुजी. तिच्या दारात जाऊन मेली तर पोरीचं कसं होईन?"

तिने सांगितले तसे पत्र मी लिहिले. पत्र मात्र मी पेटीत टाकले नाही. दुसऱ्या दिवशी उपकेंद्राच्या सत्यशीला सिस्टर सायकलवरून मलेरियाच्या रक्तपट्ट्या घ्यायला आल्या, त्यांना दाखवले. सिस्टर चंद्रपूरच्या, बौद्ध घरातल्या; बोलायला कमी आणि सुईला हलक्या.

"वय किती बाईचं?" पत्र वाचून त्यांनी विचारले.

"माह्या बायकोएवढं. सत्तेचाळीस."

"मंग तुमच्या बायकोची तब्येत कशी हाये?"

"बरी हाये. चिडचिड करते, बस."

सिस्टरने पत्र घडी करून माझ्या हातात दिले. मग सायकलवर बसून निघून गेल्या.

शुक्रवारी बाबांनी तीर्थाचा लोटा उचलला आणि गर्दीतून सिस्टर पुढे आल्या. "थांबा बाबा. आज दोरा दुसऱ्याले बांधून पाहू."

"खबरदार! देवीचा कोप होईन!"

"माह्यावर होऊ द्या."

त्यांनी भागीरथाबाईच्या मनगटाची गाठ सोडली आणि इकडेतिकडे पाहिले. कुंपणाला दसरूचा हल्या बांधलेला होता, चिखलणीला जुंपायचा रेडा, पोटापर्यंत चिखलाने माखलेला.

"दसरूभाऊ, तुमचा हल्या थंड हाये ना?"

"थंडच हाये बाई. सकायपासून बांधीत होता."

सिस्टरने दोरा हल्याच्या शिंगाला बांधला. बाबांनी लोटा पाठीमागे लपवला, तर सिस्टरने भैयाजीच्या रांजणातले साधे पाणी घेऊन ढिगावर ओतले. मंत्र नाही, काही नाही.

सगळ्यांच्या माना दोऱ्यामागोमाग हल्याकडे वळल्या. हल्या रवंथ करत होता. पाच मिनिटांनी गडव्यातून वाफ निघाली. आणखी थोड्या वेळाने तांदूळ फुगून वर आले, नेहमीइतकेच कच्चे.

आता लोकांना समजेल, असे सिस्टरला वाटले. मलाही वाटले. पण गावचा कोतवाल झाडू याने टोपी काढली आणि हात जोडले.

"आगीनमाय हल्यात गेली!"

शेजारची गुणाबाई कुंकू आणायला धावली. कोणीतरी देवीसाठी आणलेला झेंडूचा हार हल्याच्या गळ्यात घातला. हल्याने मान वळवून तो खायला सुरुवात केली, तर तेही देवीला नैवेद्य पावला म्हणून धरले गेले. बाबांना धीर आला. "देखा? देखा? जनावरात बी संचार!"

भैयाजी काळजीत पडला. "बाबा, मंग आता हल्याले बी बसवा लागन का? त्याले बी शिव वलांडता येनार नाई?"

"माह्या बांध्या शिवेपलीकडं हायेत!" दसरू किंचाळला. "मी हल्या देत नाई देवीले!"

सिस्टरने कपाळाला हात लावला. तेव्हा मात्र मला राहवले नाही. मी काडीने तो ढीग उकरला. वरची राख बाजूला सरताच खाली पांढरे खडे दिसले, काही फुटून पिठासारखे झालेले, काही अजून फसफसणारे.

"वारलू," मी शाळेला रंग देणाऱ्या माणसाला हाक मारली. "दिवाळीच्या आधी आपन ड्रममंदी काय टाकतो?"

वारलू पुढे आला, वाकून पाहिले. "कळीचा चुना हाये हा, गुरुजी. पानी टाकलं का ड्रम उकळते. मागच्या साली माहा पाय भाजला."

"मंग तवा ड्रमले नमस्कार केला होता का?"

"नाई. शिव्या देल्या."

लोक हसले. पहिल्यांदा हसले. सांगायला लाज वाटते, पण तो ड्रम सगळ्या गावाने उकळताना पाहिला होता, मीही दरवर्षी पाहत होतो. भट्टीत भाजलेल्या चुनखडीला पाणी मिळाले की ती भयंकर तापते, एवढाच तो चमत्कार. दोरा बाईला बांधा, हल्याला बांधा, नाहीतर ग्रामपंचायतीच्या पाटीला बांधा, भात शिजणारच. पण आम्ही सगळे दोऱ्याकडे पाहत होतो, ढिगाकडे कोणीच पाहिले नाही.

"हात दाखवा बाबा," सिस्टर म्हणाल्या. "बोटं किती फाटली तुमची. चुन्याच्या भट्टीवर होते का?"

बाबांनी हात दाखवला नाही. झोळी उचलून त्यांनी मागच्या दारातून धूम ठोकली, ती थेट बांधीत. धुऱ्यावरून पाय घसरला आणि ते झोळीसकट गुडघाभर पाण्यात बसले. झोळी फसफसू लागली. मग तिच्यातून वाफेचे लोट निघाले आणि बाबा ती टाकून "मेलो, मेलो" करत पलीकडच्या धुऱ्यावर चढले. चिचटोल्याने त्यांना पाहिले ते तेवढेच.

"झोळीत देवी आली!" झाडूने पुन्हा हात जोडले.

"हात नका लावू कोनी!" सिस्टर ओरडल्या. "चुना उडाला तर डोळे जातीन!"

या गोंधळात भागीरथाबाईकडे कोणाचे लक्ष नव्हते. ती पाटावरून उठून भिंतीला टेकली होती. चेहरा लालबुंद, घामाच्या धारा, हात थरथरत होते.

"बाबा गेले," ती धापा टाकत म्हणाली. "आता माही आग कोन काढन? मी मरते, बाई, मी मरते आता."

सिस्टर तिच्याशेजारी खाली बसल्या. "नाई मरत. मले बी येते हे."

मागच्या बायका पुढे सरकल्या.

"अठ्ठेचाळिसावं लागलं मले. पाळी जायचं वय. अंगात हार्मोन म्हनून असते, ज्यानं पाळी चालते, ते या वयात कमीजास्त होते. मंग मानेपासून आग निघते, छाती धडधडते, वाटते आता गेली. परवा लस टोचता टोचता आली मले. बाहेरचं कोनी आंगात आलं नाई भागीरथाबाई, आपलंच आंग हाये. श्वास हळू सोड. घेतला त्याच्याहून जास्त येळ सोड. पाय जमिनीवर दाब. गुरुजी, घड्याळ पाहा. हां, आता काय दिसते सांग."

"हल्या दिसते."

"आखीन?"

"हल्या... हार खाऊन राह्यला."

"आखीन सांग."

ती सांगत गेली. रांजण, छपरावरचे कवेलू, गुणाबाईच्या हातातली कुंकवाची कोयरी. तिचा आवाज मध्येच फुटत होता, सिस्टर तिच्यासोबत श्वास सोडत होत्या. गडवा नाही, दोरा नाही, भात नाही. तिने पदराने तोंड पुसून पाणी मागितले, तेव्हा माझ्या घड्याळात बारा मिनिटे झाली होती.

"पाह्यलं?" सिस्टर उभ्या राहिल्या. "ही भीती चढते, दहापंधरा मिनिटं राह्यते आन आपोआप उतरते. बाबाचा भात शिजाले बी तेवढाच येळ लागे. भातानं आग नाई ओढली. आग उतराच्या येळेले भात तयार होत होता, एवढंच. तरी मूलच्या डाक्टरले एकदा छाती, रक्त, गळ्याची गाठ दाखवून घ्या. दुसरं दुखनं बी असू शकते, आन याच्यावर विलाज बी असते." मग त्या बायकांकडे वळल्या. "आखीन कोनाले येते अशी आग?"

मग गुणाबाईने कोयरी खाली ठेवून हात वर केला. मग सोमारीने. मग सरपंचाच्या बायकोने. पुरुष मंडळी बोटांवर मोजू लागली.

"अकरा!" भैयाजी हबकून म्हणाला. "अकरा देव्या बसवल्या तर रोवना कोन करन?"

अकरावा हात माझ्या बायकोचा होता. मीराबाई माझ्याकडे न पाहता, पदर तोंडाशी धरून उभी होती. सहा महिने ती स्वयंपाक सोडून दारात येऊन उभी राहायची, बाजाराला जायचे टाळायची, आणि मी म्हणायचो, तुझे डोके फिरले आहे. पोरांना रोज प्रश्न विचारायला शिकवणारा मी, घरात एक प्रश्न कधी विचारला नव्हता. मला तिथेच रडू आले. ते लपवायला मी हल्याचा दोरा सोडत बसलो.

म्हणून सांगतो. विस्तवाशिवाय भात शिजताना दिसला तर हात जोडण्याआधी राख उकरून पाहा. आणि घरातली बाई या वयात घाबरू लागली, घामाने भिजू लागली, तर तिच्यात देवी शोधू नका, भूत शोधू नका. तिला काय होते ते विचारा, तिचे पूर्ण ऐकून घ्या आणि दवाखान्यात न्या.

पुढच्या आठवड्यात आम्ही चौघे मूलच्या मोटारीत बसलो. भैयाजी, भागीरथाबाई, मीराबाई आणि मी. आधी दवाखाना, मग रंभाचे घर. गावाची शीव ओलांडली, काही झाले नाही. जंगलात गाडी शिरली आणि भागीरथाबाईचा चेहरा लाल झाला. तिने पुढची दांडी घट्ट धरली. भैयाजीने गाडी थांबवायला घंटीच्या दोरीकडे हात नेला, तो तिने मधेच पकडून खाली ओढला. मीराबाईने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि दोघी मिळून श्वास सोडू लागल्या.

समोरच्या बाकावर भाजीची टोपली घेऊन बसलेली एक अनोळखी बाई हे पाहत होती. तिने घाबरत हात जोडले.

"काय झालं व माय? देवी आली का?"

"नाई व," भागीरथाबाई म्हणाली. घाम तिच्या हनुवटीवरून गळत होता. "वय आलं. पंधरा मिनिटात जाते." मग तिने त्या बाईकडे नीट पाहिले, केसांकडे, चेहऱ्याकडे. "तुले बी येते का?"

त्या बाईने जोडलेले हात सोडले आणि टोपली उचलून ती आमच्या बाकावर येऊन बसली.