बाबांसाठी एक पाकीट

घड्याळजींचं काम मोठं नाजूक. घड्याळाचं पोट एकदा उघडलं की आत धूळ जाईल म्हणून मध्येच उठायची सोय नाही. धुळीची एवढी धास्ती, पण सिगारेटच्या राखेची मात्र अजिबात नाही. माणूस हा असाच. तलफ आली की ते पोरीला धाडायचे. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. कोपऱ्यावरचा दुकानदार नियमाचा पक्का, लहान मुलांनी सिगारेट मागितली की हाकलून लावायचा. पण घड्याळजींनी स्वतः जाऊन सांगून ठेवलं होतं, "आमच्या पोरीकडे पाकीट देत जा. माझ्यासाठीच असतं."

पोर चौदाची झाली आणि घड्याळजींचा खोकला हाताबाहेर गेला, तेव्हा कुठे त्यांनी सिगारेट सोडली. महिनाभर हात थरथरायचे, चिमट्यातून स्क्रू निसटायचे, बायकोवर उगाच खेकसायचे. पण सोडली. पोरीच्या डोळ्यांदेखत खोकत मरायचं नाही, एवढंच त्यांनी मनाशी धरलं होतं.

अकरा महिन्यांनी ते साबण आणायला कोपऱ्यावर गेले. दुकानदाराने साबणाबरोबर पाकीटही पुढे सरकवलं.

"आज स्वारी स्वतः? पोरीला बरं नाही का?"

"मी सोडलीय. झालं की वर्ष."

"थट्टा करता काय? कालच नेलं तिने. बाबांसाठी म्हणाली." मग घड्याळजींच्या चेहऱ्याकडे बघून त्याने पाकीट मागे घेतलं. "यापुढे नाही देणार तिला."

गल्लीत आणखी चार दुकानं होती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

घरी पोर अभ्यासाला बसली होती. घड्याळजी तिच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

तिने आढेवेढे घेतले नाहीत. "सातवीपासून. तुमचं पाकीट आणताना वाटेत एक काढायचे. तुम्ही कधी मोजल्या नाहीत."

"सोड. आजच्या आज सोड. मी नाही का सोडली?"

"तीनदा सोडून बघितली, बाबा. नाही जमत." तिचा आवाज बारीक झाला. "आणि तुम्ही ओढत होतात ना, तोवर मी रोज एकच ओढायचे. मग अख्खं पाकीट घ्यावं लागलं."

घड्याळजी तिच्याशेजारी बसले. पोरीला जवळ घ्यावं की नाही, हेही त्यांना कळेना.