ढालवाली मरतच नाही

रविवारी दुपारी ढालवाली मेली, अगदी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मेली, आणि सोमवारी सकाळी बघतात तर बाई ठणठणीत जिवंत! हे कसं झालं असं ढापण्याला विचारलं की तो आधी चष्मा काढायचा, शर्टाला पुसायचा, परत लावायचा आणि म्हणायचा, "मलाच कळत नाहीये रे."

आणि त्यालाच कळत नसेल तर मग कुणाला कळणार? खेळ त्याचा, ॲप त्याचं, गोष्टही त्याचीच.

तर खेळ असा. चौघांनी टेबलाभोवती बसायचं. तिघांनी एकेक पात्र घ्यायचं, चौथ्याने गोष्ट सांगायची. समोर दरी आहे, काय करता? उडी मारतो. मार, टाक फासे! कमी पडले की पडलास दरीत. प्रत्येक पात्राचं एक कार्ड असतं: जीव किती उरलाय, बाण किती, औषधाच्या बाटल्या किती. राक्षसाने फटका मारला की जीवातून आकडे वजा. शून्य झालं की पात्र मेलं, रडा हवं तेवढं.

गोष्ट सांगायचा ढापण्या. बेकरीवाला तिरंदाज व्हायचा. खऱ्या आयुष्यात हा माणूस पावाची लादीसुद्धा सरळ कापत नाही, ते सोडा. शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवणाऱ्या मास्तरीणबाई वैदीण व्हायच्या, कारण शाळेत दिवसभर ओरडून झालं की त्यांना कुणालातरी बरं करावंसं वाटायचं. आणि ढापण्याची ताई, सख्खी मोठी बहीण, ती ढालवाली. सगळ्यांच्या पुढे उभी राहायची, सगळ्यांचे फटके अंगावर घ्यायची. घरीही तेच करायची म्हणा.

मग ताईला दुसऱ्या शहरातल्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली आणि ती गेली. आणि सगळी कार्डं, नकाशे, राक्षसांची माहिती, सगळं ढापण्याच्या लॅपटॉपमध्ये! ताई फोनवरून खेळायची, पण तिला काही दिसायचं नाही. "माझा जीव किती उरलाय रे?" असं ती दर दोन मिनिटांनी विचारायची आणि बेकरीवाला मुद्दाम सांगायचा, "अर्धा!"

तेव्हा ढापण्याने ठरवलं, खेळाचं ॲप बनवायचं आणि सगळं क्लाउडवर न्यायचं. ताईसाठी. नुसतं ताईसाठी. नोकरीवरून आला की बसायचा, जेवण तसंच गार. आई म्हणायची, "अरे, ढगात काय ठेवतोयस? कपाटात जागा नाही का?" पण त्याने केलं. आता प्रत्येकाच्या फोनमध्ये खेळाची एकेक प्रत, आणि वर क्लाउडवर एक मोठी प्रत, आणि नेटवर्क आलं की सगळ्यांचा आपसात मेळ बसायचा. ताईच्या हॉस्पिटलच्या तळघरात नेटवर्क नाही, तरी चालेल. काही हरवणार नाही. हे तो इतक्यांदा म्हणाला की मास्तरीणबाईंनी त्याला हात जोडले.

तर त्या रविवारी पूल होता. पुलाखालून राक्षस वर आला, तिरंदाज घाबरला, वैदीण घसरली, आणि फोनवरून ताईचा आवाज आला, अगदी शांत. "तुम्ही पळा. मी पूल अडवते."

"ताई, मरशील," ढापण्या म्हणाला.

"मरते की. टाक फासे."

त्याने टाकले. मास्तरीणबाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. बेकरीवाल्याला शिंका आल्या, म्हणजे तो तसं म्हणाला. ताई म्हणाली, "छान झालं. चला, बाय," आणि फोन ठेवला. ढापण्याने ताईच्या कार्डावर जीव अकरा होता तिथे शून्य लिहिलं. त्याला वाटत होतं, आता ताई दुसरं पात्र घेईल. जादूगारीण घेईल. मस्त होईल.

आणि सोमवारी सकाळी जीव अकरा!

पहिला फोन बेकरीवाल्याचा. "वा रे वा! सख्खी बहीण म्हणून जिवंत केलीस होय? ॲप यायच्या आधी माझा घोडा मेला तेव्हा तुझी माया कुठे पेंड खात होती?"

"मी काहीच नाही केलं!"

"मग माझ्या भट्टीने केलं का?"

ढापण्याने परत शून्य लिहिलं. डोळ्यांसमोर शून्य, स्वच्छ, गोल. चहा घेऊन आला तर अकरा. त्याने आईकडे संशयाने पाहिलं. आई कांदा चिरत होती. "आई, तू माझ्या लॅपटॉपला हात लावलास?"

"मी? त्याच्यावरची धूळ पुसायला गेले तरी ओरडतोस तू."

परत शून्य. मग मास्तरीणबाईंचा फोन. "अरे, मी आत्ताच ॲप उघडून बघितलं, ती खरंच मेलीये का म्हणून. अकरा दिसतायत. हे बरोबर नाही हां. पोरांनासुद्धा मी सांगते, आऊट म्हणजे आऊट."

आणि मग ताईचा. ताईने हाक मारली ती ढापण्या म्हणून नाही, पूर्ण नावाने. पूर्ण नाव म्हणजे प्रकरण गंभीर.

"मला जिवंत का केलंस?"

"अगं नाही केलं! शप्पथ!"

"मी मेले होते. चांगली मेले होते. सगळ्यांनी पाहिलंय. तू मला धड मरूही देऊ नकोस!"

"ताई, तू एवढी चिडतेयस कशाला? खेळच आहे ना?"

ताई म्हणाली, "ते शून्य कर," आणि फोन कट.

ढापण्या चक्रावला. एक तर मेलेली बाई उठून बसतेय, आणि जिला जिवंत केल्याचा आनंद व्हायला हवा तीच भांडतेय. डोकं धरून बसण्यापेक्षा तो उठला आणि सरळ बेकरीत गेला. बेकरीवाला भट्टीतून ट्रे ओढत होता, भुवयांवरही पीठ. मास्तरीणबाई शाळा सुटल्यावर पाव घ्यायला येतात, त्याही आलेल्या. बरंच झालं.

"खरं सांगा," ढापण्या म्हणाला, "तुमच्यापैकी कोण ताईला जिवंत करतंय?"

"चोराच्या उलट्या बोंबा," बेकरीवाला म्हणाला.

"मी कशाला करू?" मास्तरीणबाई म्हणाल्या. "मी तर रडलेसुद्धा. रडणं फुकट गेलं माझं."

"मग तुमच्या कार्डांवर तरी काही विचित्र दिसलंय का? काहीही?"

आता गंमत बघा. बेकरीवाला ट्रेकडे बघायला लागला, मास्तरीणबाई पिशवीची नाडी बांधायला लागल्या. त्या पिशवीला नाडीच नव्हती.

"बोला," ढापण्या म्हणाला.

"म्हणजे... अगदी विचित्र असं नाही," बेकरीवाला म्हणाला. "फक्त माझे बाण संपत नाहीत."

"काय?"

"मारतो, संपतात, आणि नंतर बघतो तर परत भाता भरलेला. मला वाटलं तू दयाळू झालायस. विचारलं असतं तर काढून घेतले असतेस!"

"आणि तुम्ही, बाई?"

"बाटल्या," मास्तरीणबाई हळूच म्हणाल्या. "पाजते आणि परत भरतात. मला वाटलं क्लाउडमध्ये असंच असतं."

ढापण्याने चष्मा काढून शर्टाला पुसला, कारण त्याचंही एक गुपित होतं. पुलाखालचा राक्षस! त्यांनी तो राक्षस कधीच मारला होता. पण पुढच्या वेळी ढापण्या बघतो तर राक्षसाचा जीव पूर्ण. त्याला वाटलं आपणच लिहायला विसरलो, आणि लाज झाकायला त्याने सांगून टाकलं, हा त्या राक्षसाचा भाऊ. मग त्या भावाचा भाऊ. बेकरीवाल्याने एकदा विचारलंही होतं, "याच्या आईला काही कामधंदा नव्हता का रे?"

तिथेच, गरम पावांच्या वासात, ढापण्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि पडल्या पडल्या तो कपाळावर हात मारून खाली बसला.

"अरे, मीच!"

"बघा, कबूल झाला," बेकरीवाला म्हणाला.

"तसं नाही रे! दोन फोनांमध्ये वेगवेगळे आकडे असले तर कुठला खरा धरायचा, हे मी ॲपला सांगितलंय ना? मी सांगितलं, मोठा असेल तो खरा. सुरुवातीला तळघरात ताईचं नेटवर्क गेलं आणि तिने कमावलेलं सगळं पुसलं गेलं होतं. मी इतका घाबरलो! म्हटलं, यापुढे जे जास्त असेल तेच ठेवायचं. म्हणजे काही हरवणारच नाही."

"मग?"

"मग शून्य आणि अकरा यात मोठं काय?"

मास्तरीणबाईंना लगेच कळलं, पहिलीलाच शिकवतात त्या. "म्हणजे मी ती मेलीये का हे बघायला ॲप उघडलं..."

"...आणि तुमच्या फोनमधले जुने अकरा वर गेले. जो जो बघायला गेला त्याने तिला उठवलं."

"म्हणजे तुझ्या खेळात कुणी मरूच शकत नाही," बेकरीवाला म्हणाला. "मग मी इतके दिवस घाबरून झाडामागे का लपत होतो?"

ढापण्या धावत घरी आला आणि ताईला फोन लावला. एका दमात सगळं सांगितलं, राक्षसाच्या भावांसकट. ताई हसली, चांगली खळखळून हसली, आणि मग म्हणाली, "बरं. आता नियम बदल आणि मला मार."

"बदलतो. पण मग तू जादूगारीण घे. मी कार्ड बनवूनसुद्धा ठेवलंय..."

"नको."

"बरं, मग तिरंदाज?"

"अरे, मला खेळायचंच नाहीये आता."

ढापण्याला वाटलं नेटवर्क गेलं. नेटवर्क गेलं नव्हतं.

"रविवारी माझी ड्युटी संपते आणि मी बसमध्ये उभ्याने तुमच्याशी खेळते," ताई म्हणाली. "मागच्या लढाईत तर मी झोपले होते. तुम्हाला वाटलं मी दबा धरून बसलेय."

"आम्ही तुझं कौतुक केलं!"

"हो ना! आणि तू माझ्यासाठी एवढं सगळं ढगात चढवलंस. मी कुठल्या तोंडाने नाही म्हणणार? म्हटलं, मेले की आपोआप सुटेन. तर तिथेही अकरा!"

"तू सांगायचंस ना मला."

"सांगितलं की. पुलावर. तुम्ही पळा म्हटलं."

ढापण्याला राग यावा की रडू यावं हेच कळेना. फोन ठेवला आणि तो लॅपटॉपपुढे बसला. नियम बदलायला एक ओळ पुरे होती: मोठा आकडा नाही, शेवटचा लिहिलेला आकडा खरा. एक ओळ! पण ती ओळ लिहिली की बाण संपणार, बाटल्या रिकाम्या होणार, राक्षसाचं अख्खं खानदान एकदम आडवं होणार, आणि ताई जाणार. नाही लिहिली तर ढालवाली उभी, अकरा जीव घेऊन, कायमची, आणि रविवारी तिच्या जागेवर कुणी नाही. हे बरं की ते बरं? आई येऊन ताट ठेवून गेली. तो तसाच.

शेवटी त्याने ओळ लिहिली, ताईच्या कार्डावर मात्र अकराच राहू दिले. सगळ्यांच्या फोनांत नवा नियम पोचू दिला आणि ताईला मेसेज टाकला: "आता टिकेल. पण मी नाही लिहिणार. तू लिही."

कितीतरी वेळ स्क्रीनवर अकराच. मग एकदम शून्य. त्याने ॲप बंद केलं, उघडलं. शून्य. बेकरीवाल्याला फोन करून उघडायला लावलं. "शून्य," बेकरीवाला म्हणाला, आणि मग किंचाळला, "माझे बाण!"

थोड्या वेळाने ताईचाच फोन आला. ढापण्याने उचलला आणि त्याला काही सुचेचना. ती गेल्यापासून दोघं बोलायचे ते राक्षस, पूल, फासे, एवढंच. आता राक्षस नाही, पूल नाही. ताईही गप्प. दोघंही नुसते श्वास घेतायत, फोनचं बिल वाढतंय.

"मग..." ढापण्या म्हणाला, "काय चाललंय तुझं?"

"काय चालणार," ताई म्हणाली. आणि मग म्हणाली, "अरे, इथे ना, माझ्या चपला कुणीतरी रोज घालून जातं. वॉर्डाबाहेर काढून ठेवते, परत येते तर ओल्या!"

"ओल्या? कशाने ओल्या?"

"तेच तर कळत नाहीये ना!"

"थांब," ढापण्या म्हणाला आणि त्याने खुर्ची पुढे ओढली. "पहिल्यापासून सांग. कुणाकुणाची ड्युटी असते त्या वेळेला?"