पाडव्याआधी की नंतर

वासुदेवरावांनी संग्रहालयातल्या काचेवर बोट टेकवलं. आत एक रोमन नाणं होतं आणि खाली पाटी, इसवी सन ७९.

“आपल्या पंचांगात हे कोणतं वर्ष?” प्रश्न लेकीला, मुक्ताला होता; डोळे मात्र योनासवर होते.

मुक्ता जर्मनीत, त्सुफेनहाउझेनच्या मोटार कारखान्यात इंजिनियर. योनास तिथलाच, आणि तिला लग्न करायचं होतं ते त्याच्याशीच. होकार की नकार, हे ठरवायला वासुदेवराव आणि सुनेत्राबाई पुण्याहून आले होते. पोरगा विमानतळावरच वाकून पाया पडला, हातानं वरणभात जेवला, आणि वासुदेवरावांचा चहा न सांगता बिनसाखरेचा आला. इतकं गुणी कुणी असतं का? कुठंतरी पाणी मुरत होतं. जन्मभर इतिहास शिकवलेल्या माणसाला घोकंपट्टी लगेच ओळखू येते. म्हणून आज हा अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न.

“आल्झो... म्हणजे, बाबा... अठ्ठ्याहत्तर मिळवायचे की वजा करायचे?” मुक्ता म्हणाली.

“पाडव्याआधी की नंतर?” योनासनं सावकाश मराठीत विचारलं.

वासुदेवराव चपापले. “नंतर.”

“शके एक.”

“आणि रोमन लोकांचं?”

“त्यांचं शहर वसलं तिथून मोजायचं.” अंगठा करंगळीच्या पेरांवरून सरकवत तो पुटपुटला. “आठशे बत्तीस.”

वासुदेवराव त्या अंगठ्याकडे बघत राहिले. ते स्वतः हिशेब कागदावर करत, मुक्ता मोबाइलवर. पेरं मोजणारं घरात एकच माणूस होतं.

“हे तुला कुणी शिकवलं?”

योनासनं सुनेत्राबाईंकडे पाहिलं आणि घाईनं नजर नाण्यावर नेली.

“मी,” बाकावरून सुनेत्राबाई म्हणाल्या. “स्काइपवर. दोन वर्षं झाली.”

वासुदेवराव त्यांच्या शेजारी बसले. आल्यापासून ते भलत्याच माणसावर पाळत ठेवून होते. त्यांना राग आला, आणि रागापेक्षा वाईट जास्त वाटलं.

“मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही नाही म्हणाला असतात. मग मलाही तुमचीच री ओढावी लागली असती. आजवर ओढली तशी.”

मुक्ता आणि योनास पुढच्या दालनाकडे सरकले.

“आणि आता?” वासुदेवरावांनी हळूच विचारलं.

पर्सची चेन लावत सुनेत्राबाई उठल्या.

“आता नाही म्हणून बघा.”